घाट-रॅपचा बाप कोण?

हॅलो, हॅलो... मी माइक बोलतोय. दचकू नका. जन्मभर माझ्या तोंडाला तोंड लावून दुसऱ्यांनीच बोलून घेतलं. पुढाऱ्यांची भाषणं झाली, लग्नातल्या आहेरांची नावं झाली, यात्रेत हरवलेल्या पोरांचे पुकारे झाले. आज पहिल्यांदा माझी पाळी आलीय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही आणि त्याचं दुःखही नाही. जन्मस्थानावरून भांडणारी माणसं मी इतकी पाहिलीत, की ठाऊक नसलेलंच बरं वाटतं. मला आठवतं ते मंचरच्या भंवरलालशेठचं दुकान. शेठ मूळचे मारवाडातले, पण घासाघीस करताना अस्सल आंबेगावकर. तिथून कळंबच्या दादाभाऊ मांडववाल्यानं मला विकत घेतलं आणि माझी रवानगी घाटात केली.

घाट म्हणजे तुम्हाला वाटतो तो वळणावळणाचा रस्ता नव्हे. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी. एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी. पुढे घोडी, मागे बैल, दोन्ही बाजूंना भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, आणि या सगळ्यांच्या वर एक आवाज. तो आवाज सावळेरामनानांचा.

नाना घाटाचे निवेदक. बारी सुटली की त्यांची जीभ बैलांच्या पुढे पळायची. “घोडी सुटली, बैल सुटलं, बघणाऱ्याचं भान सुटलं!” असलं ते तिथल्या तिथे जुळवायचे. त्यांच्या मुठीत असताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

एका यात्रेत गाडामालकांच्या सत्काराला इतकी माणसं स्टेजवर चढली, की मी धक्का लागून खाली पडलो. माझ्या मानेतली तार सुटली, म्हणजे पुरती नाही, लोंबकळत राहिली. तेव्हापासून बोलता बोलता मी शब्द गिळायला लागलो. नाना म्हणायचे “लोणीकरांची बारी”, आणि भोंग्यातून यायचं नुसतं “लो...” मग नाना पुन्हा “लो...”, पुन्हा “लो...”, शेवटी माझ्या डोक्यात तळहाताची एक थाप, धप्प! तार जागेवर बसायची आणि “लोणीकरांची बारी” डोंगराला जाऊन आदळायची.

“दादाभाऊ, माइक नीट करून आन की,” नाना म्हणायचे.

“चालतंय की, नाना! लोकांना काय, ऐकू आल्याशी मतलब,” असं म्हणून दादाभाऊ माझ्या मानेला आणखी एक वेढा चिकटपट्टीचा द्यायचा. आमच्याकडे चालणारी वस्तू दुरुस्त करत नाहीत आणि बंद पडलेली फेकत नाहीत. त्यामुळे मी बरीच वर्षं तसाच चाललो.

मग शर्यतींवर बंदी आली. मी दादाभाऊच्या कोठीत पोत्यात पडलो. नाना गप्प झाले. बंदी उठली तेव्हा घाट पुन्हा फुलले, मलाही पोत्यातून काढलं, पण नानांना कुणी बोलावलं नाही. आता जोरात चाललं होतं ते वेगळंच.

जुन्नरकडच्या गोरख नावाच्या एका तरण्याला कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जुन्या घाटाचं रेकॉर्डिंग सापडलं. आवाज भोंग्यात इतका फाटलेला, की बोलणारा कोण याचा पत्ता नाही. त्यानं ऐकलं, “लो... लो... लो... धप्प! लोणीकरांची बारी.” पोराला वाटलं, ही कला आहे! त्यानं खाली ढोलाचा ठेका भरला, वर स्वतःचे शब्द रचले, दर ओळीला पहिलं अक्षर तीनदा तोडलं आणि मग तळहाताची थाप. नाव दिलं घाट-रॅप. पुण्या-मुंबईची पोरं त्यावर माना हलवायला लागली. माझ्या दुखण्याला एवढी प्रतिष्ठा मिळालेली पाहून मी थक्क झालो.

नाव झालं की वारस उगवतात. घाट-रॅप जुन्नरचा की आंबेगावचा, यावरून मोबाइलवर शिव्या झाल्या, एक सोयरीक मोडता मोडता राहिली, आणि शेवटी कळंबच्या मंगल कार्यालयात जाहीर चर्चा आणि प्रात्यक्षिक ठरलं. जो तालुका जिंकेल त्याच्या वेशीवर कमान उभी राहणार, “घाट-रॅपचे जन्मस्थान” म्हणून. नानांना कमानीचं काही नव्हतं. जो जिंकेल त्याच्या हाती चैत्राच्या यात्रेत घाटाचा माइक येणार, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

“मरायच्या आधी एकदा बारी पुकारायची हाय,” ते दादाभाऊला म्हणाले. “तुझा त्यो जुना माइक तेवढा घिऊन ये. त्यो हातात आला की लोकांना आपोआप कळंल, ह्ये कुठनं आलंय ते.”

खरं होतं ते. पुरावा म्हणून जगात एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे माझी मान.

आता दादाभाऊ पडला मानी माणूस. त्यानं विचार केला, दोन तालुक्यांची माणसं येणार, आणि आपण चिकटपट्टी लावलेला माइक द्यायचा? गावाचं नाक कापलं जाईल! आदल्या दिवशी तो मला घेऊन थेट भंवरलालशेठच्या दुकानात गेला. शेठचा मुलगा पारस काउंटरवर होता.

“पारसशेठ, नवरदेवावानी नटवून दे. उद्या लई मोठा मान हाय ह्याला.”

पारसनं चिकटपट्टी सोलली, तार डाग देऊन पक्की केली, वर नवी कोरी जाळी बसवली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांची ठसठस गेली, तर कुणाला बरं वाटणार नाही?

चर्चा रंगली. जुन्नरचे एक निवृत्त सर म्हणाले, नाणेघाटात सातवाहनांची जकात ठेक्यातच मोजली जायची, सबब हा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीचा. आंबेगावच्या वक्त्यानं लगेच आहुप्याची देवराई काढली. तिथं वारासुद्धा अडखळत वाहतो म्हणे. पुण्याहून आलेल्या परीक्षक मोहिनीताईंनी शांतपणे सांगितलं, की रॅपचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. तेव्हा मात्र दोन्ही तालुके पहिल्यांदा एक झाले. “त्ये न्यूयार्क आमच्या हद्दीत येत न्हाई, ताई,” मागून कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

गोरख आपला नमुना पेश करून बसला, मग आंबेगावकडून नाना उठले. फेटा सारखा केला, मला उचललं.

“मंडळी, ह्ये काय मी ठरवून केल्यालं न्हाई. ह्यो माइक अडायचा, म्हनून झालं. आता बघा, कसा अडतोय.” त्यांनी छाती भरून घेतली. “लोणीकरांची बारी आली!”

सगळं वाक्य स्वच्छ गेलं. एक अक्षर अडलं नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं, थाप मारली. पुन्हा बोलले, पुन्हा स्वच्छ. मी अडायची पराकाष्ठा केली, पण पारसचं काम पक्कं होतं. दादाभाऊ पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला सांगत होता, “बघा कसा खणखणीत केलाय!”

शेवटी नानांनी स्वतःच अक्षर तोडायचा प्रयत्न केला. “लो... लो...” पण त्यांनी ते कधी स्वतःहून केलंच नव्हतं. थाप आधी पडली, अक्षर मागून आलं. लोक हसले. मोहिनीताईंनी निकाल वाचला: मान जुन्नरच्या गोरखचा, सावळेराम यांचा नकलेचा प्रयत्न मात्र या वयात कौतुकास्पद.

गोरख गुणी पोरगं. त्यानं वाकून नानांच्या पायांना हात लावला. “नाना, लई भारी! ठेका जरा चुकतोय, पन मी शिकवीन. जमलं तर चैत्रात एक बारी तुमाला देतो.”

त्या क्षणी मला पहिल्यांदा दुरुस्त झाल्याची लाज वाटली.

दादाभाऊला चूक समजली ती घरी गेल्यावर. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं मला नानांच्या ओट्यावर ठेवलं आणि चहा न घेताच निघून गेला. तेव्हापासून मी इथेच असतो. माझी वायर कशालाच जोडलेली नाही. रोज जेवणं झाली की नाना मला हातात घेतात, समोर मोबाइलवर गोरखचा व्हिडिओ लावतात आणि सराव करतात. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी गोजरबाई, शेंगा फोडता फोडता बघत असतात.

परवा त्यांना राहवलं नाही. “आवो, त्यो पोरगा तुमचंच बोलतोय की! तुमीच तुमचं काय शिकताय?”

“तसं न्हाई, गोजर,” नाना व्हिडिओ मागे घेत म्हणाले. “तवा व्हत व्हतं. आता त्येला पद्धत आलीया. पद्धतीनं न्हाई आलं तर बारी मिळायची न्हाई.”

मोबाइल घसरत होता, तो काकूंनी शेंगांच्या सुपाला टेकवून उभा केला. नानांनी पुन्हा सुरुवात केली. आता थाप बऱ्यापैकी वेळेवर पडते.

तर मंडळी, चैत्रात आमच्याकडे येणं झालं, आणि घाटात एक म्हातारा गोरखसारखं बोलताना दिसला, तर त्याला जनक वगैरे म्हणू नका. कुणाला पटायचं नाही, उगाच भांडण लागेल. पण टाळी मात्र जोरात वाजवा. नक्कल चांगली केली म्हणून का होईना.