खालून वाचायची अक्षरे

नव्या टंकाचे, म्हणजे फॉन्टचे, नाव 'जनार्दन' ठेवायचे, हे निरुपमाने वडिलांना न विचारताच ठरवले होते. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते छापलेले पाहिल्यावर जनार्दनरावांनी ती पत्रिका चार दिवस उशाशी ठेवली. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी तेहतीस वर्षे डब्यांवर क्रमांक रंगवले होते आणि सुटीच्या दिवशी गावातल्या दुकानांच्या पाट्या. पाटीच्या कोपऱ्यात सही करण्याची इतर पेंटरांची चाल त्यांनी कधी पाळली नाही. गिऱ्हाइकाच्या पाटीवर आपले नाव कशाला, असे ते म्हणत. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी ते नाव पहिल्यांदाच कुठेतरी लागणार होते.

निरुपमा एका डिझाइन कॉलेजात अक्षररेखन शिकवीत असे. वडिलांच्या ट्रंकेत जुने खाके होते: सुईने भोके पाडलेले कागद, ज्यांवर खडूची पूड थापटून अक्षर पाटीवर उतरवतात. त्यांवरून दोन वर्षे खपून तिने मराठी आणि गुजराती अशी दोन्ही अक्षरे संगणकावर तयार केली. अक्षरे जाड, मोठ्या डोक्याची, खाली निमुळती होत गेलेली. डोक्याच्या भाराने आता कोलमडतील अशी. माहितीपत्रकात तिने लिहिले, 'ठसठशीत, खोडकर, हाताने घडवलेली'. आइस्क्रीम, खेळणी आणि नवरात्रीची पत्रके यांसाठी ती विशेष शोभतील, असेही सुचवले.

सयाजीगंजातल्या प्रदर्शनाला जनार्दनराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरे लावली होती. मुलेमुली त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. एकीने अक्षरासारखे गाल फुगवले. तिचा मित्र म्हणाला, "जो तो खरी, जोकर जेवा लागे छे." अक्षरे जोकरसारखी दिसतात म्हणून सगळे हसले, अगदी कौतुकाने. निरुपमाही हसली. जनार्दनराव दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने घरी जाऊ या म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारले, "निरू, तुलाही ती विनोदी वाटली?"

लोक आवडली म्हणून हसतात, हल्ली अशा अक्षरांना फार मागणी आहे, एका बिस्किट कंपनीने तर ती घेतलीही, असे तिने समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "उद्या सुटी आहे ना? करजणला चल माझ्याबरोबर."

करजणच्या बाजारात बियाण्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्याच्याही वर, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेली पाटी अजून होती. रंग विटला होता. त्यांनी निरुपमाला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे केले आणि वर बघायला सांगितले.

तिने पाहिले. प्रत्येक वळण तिच्या ओळखीचे होते. याच पाटीचा खाका तिने ट्रंकेतून काढला होता. पण इथे डोकी मोठी नव्हती की पाय बारीक नव्हते. अक्षरे सारखी, भरीव, सरळ उभी होती. जबाबदारीचे काही सांगायला माणूस उभा राहावा, तशी.

जनार्दनराव सांगत होते. उंचीवरचे अक्षर खालून पाहताना वरच्या बाजूला लहान दिसते. म्हणून वरचा भाग वाढवायचा, खालचा आवरायचा. किती, ते पाटीच्या उंचीवर. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. सुरुवातीची एक पाटी टांगल्यावर बुटकी दिसली, ती स्वखर्चाने पुन्हा रंगवताना कळले. बोलताना ते वर पाहत नव्हते. शिडीवर मान वळवून वळवून ती आता उचलली जात नसे. ते निरुपमाच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"कशी दिसतात?"

"सरळ," ती म्हणाली. "गंभीर."

"हं."

दोन वर्षे तिने त्या खाक्यांवरची रेघन् रेघ मोजली होती. एखादा कागद भिंतीवर उंच लावून खालून पाहावा, एवढेच सुचले नव्हते.

परतताना बसमध्ये ती म्हणाली की माहितीपत्रक मागे घेते, खरे काय ते सविस्तर लिहिते. बिस्किटाचा पुडा माणूस हातात धरून वाचतो, जनार्दनराव म्हणाले. तो दुसऱ्या मजल्यावर टांगून कोण बघणार? हातात ती जोकरच दिसणार. त्यात लोकांची चूक नाही.

"अक्षरं राहू दे, निरू. नाव काढ."

"बाबा, पण तुमचीच आहेत ना ती."

"माझी ती तिथे वर आहेत. ही तू केलीस. चांगली केलीस."

मकरपुरा येईपर्यंत ती विनवीत राहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागली नव्हती. वळणावर बस झुकली की त्यांचा हात समोरच्या दांडीवर घट्ट होई.

संध्याकाळी त्यांनी तिला संगणक लावायला सांगितला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. नावाची चौकट उघडून तिने एकेक अक्षर पुसले. आता काय लिहू, असे तिने विचारले.

"मुलांना आवडेल असं काहीतरी."

तिने एक नाव टंकले आणि पुसले. दुसरेही पुसले. तिसरे तिने दोनदा वाचून दाखवले.

"हे बरं आहे," जनार्दनराव म्हणाले, आणि ताटे घ्यायला उठले.