आडोसा कुणासाठी

मामाने सलग दुसऱ्यांदा डायलिसिस चुकवलं, तेव्हा मामीने भाचीला फोन केला.

"तुझा मामा तुझ्याच हॉस्पिटलात यायला तयार नाही. पाय सुजलेत, दोन पायऱ्या चढला की धापा टाकतोय. कारण विचारलं की भिंतीकडे तोंड करून झोपतो. तू ये आणि विचार. लोकांना विचारायचाच पगार मिळतो ना तुला?"

पगार खरंच त्याचाच मिळत होता. रुग्णांना हॉस्पिटलात नेमकं काय जाचतं ते त्यांना विचारून, त्यांच्याजवळ बसून शोधायचं आणि मग ते बदलायचं, असं तिचं काम. लहानपणी प्रश्न विचारून ती घर डोक्यावर घ्यायची, म्हणून मामाने तिचं नाव फौजदार ठेवलं होतं. आई गेल्यावर ती मामाकडेच वाढली. त्यामुळे मामीचा फोन ठेवताच तिने घरचा रस्ता धरला. मामाची मूत्रपिंडं निकामी झालेली होती. आठवड्यातून तीनदा मशीनने रक्त धुतलं तरच तो जगणार होता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

डायलिसिसच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. मामाच्या समोर मास्तर बसायचे. मामा जन्मभर चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोललेला, त्याच्या तोंडाला सुट्टी कधीच नव्हती. मास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवलेली. मामाने एखादा किस्सा सांगायचा आणि मास्तरांनी त्यातली चूक काढायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. चार तास हातात सुया घेऊन बसायचं म्हणजे काही चेष्टा नाही, पण या दोघांमुळे अख्ख्या हॉलचा वेळ बरा जायचा.

दोनेक महिन्यांपूर्वी फौजदाराने या हॉलचं काम हाती घेतलं होतं. प्रत्येकाला बाजूच्या खोलीत एकेकटं बोलावलं, इथलं बोलणं कुणाला कळणार नाही असा शब्द दिला आणि विचारलं, "काय असतं तर तुम्हाला इथे बरं वाटलं असतं?" लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, तिने तर एकूण एक शीत चेपून पाहिलं. बहुतेकांनी एकच सांगितलं: मधे काहीतरी आडोसा हवा. महिन्याभरात समोरासमोरच्या खुर्च्यांच्या मधे दुधी काचेच्या उंच फळ्या उभ्या राहिल्या. मॅनेजर इतके खूश, की त्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलातले पाहुणे बघायला बोलावले होते.

मामीच्या फोननंतर ती घरी पोचली तेव्हा मामा पलंगावर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडत होता.

"मशीनचा त्रास होतो का?" तिने विचारलं.

"नाही."

"सिस्टर काही बोलली?"

"ती कशाला बोलेल? गुणी मुलगी आहे."

"मग मरायचंय का तुला?" ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. फौजदाराला रडताना बघायची मामाला सवय नव्हती.

"आडोसा केलास ते बरंच केलंस," तो म्हणाला. "ज्याला हवा होता त्याला शांतता मिळाली. पण एवढी वर्षं मास्तरांनी माझी बडबड ऐकून घेतली आणि तोंडावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते तुझ्या त्या खोलीत जाऊन. पहिल्या दिवशी मी फळीपलीकडे दोन हाका मारल्या. उत्तर नाही. मग म्हटलं, चार तास प्रेतासारखं पडायचं तर ते घरीही जमतं."

"आडोसा तर तूही मागितला होतास, मामा."

"त्यांच्यासाठी. सज्जन माणूस, कान किटले तरी बोलणार नाही, त्याला जरा झोप मिळू दे म्हणून. मला काय करायचाय आडोसा?"

मास्तर त्या खोलीत काय म्हणाले होते ते तिला शब्दन् शब्द आठवलं. ते ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं. एक तर शब्द दिलेला. दुसरं म्हणजे, तिने सांगितलं असतं तर भाची मन राखायला थापा मारते आहे, असंच मामा म्हणाला असता. दोघांनीही आडोसा मागितला, दोघांनीही समोरच्यासाठी मागितला, आणि तिने दोघांना एकाच खणात टाकून वर 'खासगीपणा हवा' अशी चिठ्ठी डकवली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि बक्षीस म्हणून पाहुणे बोलावलेले.

मामीला गाडी तयार ठेवायला सांगून ती तडक हॉस्पिटलात आली.

मास्तर आपल्या खुर्चीत होते. मांडीवर भांडं, चेहरा पांढराफटक. मशीनवर असताना त्यांना हमखास ओकारी यायची.

"तुमच्या मामांनी पाळी बदलून घेतलेली दिसते," ते म्हणाले. "शहाणपणाचं केलं. फळीतूनही ओकारीचा आवाज जातोच. माझं हे असलं तोंड समोर बसून कुणी किती बघायचं? म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, त्यांच्यासाठी आडोसा करा."

"मास्तर, हे मी त्यांना सांगू का?"

"मुळीच नाही. कीव करायला येतील. मला कीव नको."

"पाळी नाही बदलली त्यांनी. ते येतच नाहीयेत. घरी बसून आहेत, श्वास लागलाय. त्यांना वाटतं, त्यांची बडबड नको म्हणून तुम्ही आडोसा मागितलात."

मास्तरांनी भांडं बाजूला ठेवलं. "अहो, मग मरेल तो माणूस."

"हो," ती म्हणाली.

"फोन लावा."

एका हातात सुया होत्या, म्हणून फोन तिनेच त्यांच्या कानाला धरला. मामाचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"मास्तर बोलतोय. मी तुमचं तोंड बंद करायला आडोसा मागितला असं तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही ना? मग स्वतःच गणित मांडून स्वतःच चुकीचं उत्तर काढलंत." इथे त्यांना एक उमासा आला, तो त्यांनी दाबला. "मला ओकारी आली की तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर बघत मोठ्या आवाजात किस्सा सुरू करायचात. मला कळत नव्हतं असं वाटलं? ती कसरत सुटावी म्हणून मागितला आडोसा."



"मी हाक मारली होती," मामा म्हणाला.

"तोंड भांड्यात होतं माझं. आता निघा."

मामाला आणलं, वजन केलं, डॉक्टरांनी झाडझाड झाडलं आणि लगेच मशीनला जोडलं. तोवर फौजदार मॅनेजरांच्या खोलीत उभी होती.

"फळी काढायची?" मॅनेजर म्हणाले. "पाहुणे यायचेत. आणि लोकांनी मागितलं, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"काय हवं ते मी विचारलं सर, कुणासाठी हवं ते विचारलं नाही. चूक माझी आहे. या दोघांमधली फळी आज काढते. बाकीच्यांना परत विचारते. ज्यांना खरंच हवी आहे त्यांची राहील."

"आणि पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"हेच दाखवू."

मॅनेजर खूश झाले नाहीत, पण नाही म्हणायला त्यांना काही सापडलंही नाही. देखभालीच्या माणसाने स्क्रू काढून फळी हलवली, तेव्हा हॉलमधले सगळे माना वर करून बघत होते. आता दोघांची गाडी सुसाट सुटणार म्हणून सिस्टरनेही कान टवकारले.

तासाभराने फौजदार डोकावली तर हॉल शांत होता. मास्तरांची पाळी केव्हाच संपलेली, हाताला पट्टी बांधलेली, पण ते घरी गेले नव्हते. समोरच्या खुर्चीत मान एका बाजूला टाकून झोपले होते. मामा मशीनवर होता आणि चक्क तोंड मिटून त्यांच्याकडे बघत होता.

"बोलत का नाहीस?" तिने हळूच विचारलं.

"झोपलेत."

"मग घरी जाऊन झोपू देत की. त्यांचा मुलगा बाहेर थांबलाय."

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, तुमचं पुरं होईपर्यंत हलणार नाही, तुमचा भरवसा नाही." मामाने मोकळ्या हाताने डोळे पुसले आणि आवाज आणखी खाली आणला. "परवा मला वेळेवर घेऊन ये हं. त्यांना वाट बघायला लावायची नाही."