अडीच लाखांच्या वर

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या टेकडीवरचं ते पिवळं घर स्कूलबसच्या सातव्या थांब्यासमोर होतं. बस चालवणारी व्हर्ना अकरा वर्षं रोज तिथे थांबायची. भाड्याच्या दोन खोल्यांत लेकीला, थियाला, वाढवताना तिने याच घराची आस धरली होती. आता ते विकायला निघालं होतं.

घरांचे व्यवहार करून देणाऱ्या मार्लिसबाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. व्हर्ना त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी कागद टेबलावर पसरला.

“घेणारे बरेच आहेत. म्हणून असं लिहायचं. आमचे दोन लाख पस्तीस हजार डॉलर. कुणी जास्त दिले, तर त्याच्यापेक्षा आम्ही दोन हजार जास्त देऊ, पण एका आकड्यापुढे नाही. तो आकडा तू सांग.”

“अडीच लाख,” व्हर्ना म्हणाली. “गोल आकडा बरा.”

दहा वर्षांची थिया पेन्सिल चावत होती. “बाई, दुसऱ्यालाही तोच बरा वाटला तर?”

“तर काय होईल, तूच सांग.” बाईंना घाई नव्हती.

थियाने बोटांवर हिशेब केला. “आपल्याला दोन लाख बावन्न हजारांवर जायला हवं, पण आईने पन्नासवरच दार लावलंय. आपण बरोबरीत अडकणार.”

“ऐकलंस, व्हर्ना? तुला अपूर्णांक शिकवताना माझे केस पिकले.”

“बाई, तिच्यासमोर नको ना.” व्हर्ना हसली. तळघराच्या दुरुस्तीला तीन हजार बाजूला ठेवले होते. तिने जरा विचार केला. “त्रेपन्न लिहा. तळघरात पाणी आलं तर बादल्या आहेत घरात.”

शुक्रवारी विकणाऱ्यांचा निरोप आला: तुमचा वरचा आकडाच द्या, मोठी मागणी आलीय. बाईंनी शांतपणे कळवलं, “दुसऱ्याचा कागद दाखवा. आमच्या कागदात तशी अट लिहिलीय.”

संध्याकाळी कागद आला. नाव काळ्या शाईने झाकलेलं, आकडा उघडा. बाईंनी तो थियापुढे सरकवला.

“दोन लाख पन्नास हजार,” थियाने वाचलं. “म्हणजे आपले बावन्न. आई, तळघराला एक हजार उरले.”

व्हर्नाने सही केली. घर त्यांचं झालं.

सोमवारी सातव्या थांब्यावर तिने बसच्या आरशातून मुलांकडे पाहिलं. “ते पिवळं घर दिसतंय? माझ्या लेकीने गणित करून मिळवलंय.”

मागच्या बाकावर थिया लाजून खाली सरकली. “आई, बस चालव ना.”

व्हर्नाने बस चालवली, पण अगदी सावकाश.