असलेली व्यक्ती

गार्डबाईंनी अर्ज उलटा फिरवून साहेबांच्या पुढ्यात सरकवला. ‘कधी मानसिक उपचार घेतले आहेत का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ठसठशीत ‘होय’ लिहिलं होतं.

बंदुकीच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या पोलीस साहेबांनी कपाळाला हात लावला.

“बाई, ‘नाही’ लिहा. तीन वर्षांपूर्वीचं ते पान मी फायलीतून काढतो. बंदूक नाही तर बँकेतली नोकरी नाही, कळतंय ना?”

“अगं, देव पावला समज,” शेजारी बसलेला दादा कुजबुजला. तो वकील, बहिणीसाठी हौसेने आला होता आणि आता पस्तावत होता. “खोड ते.”

“नाही खोडणार.”

त्या पानावर असं होतं तरी काय? नवरा गेल्यावर गार्डबाईंची झोप उडाली, भलतेसलते विचार येऊ लागले. एका सकाळी त्या आपल्या पायांनी पोलीस चौकीत गेल्या, कारण सांगून नोकरीची बंदूक जमा केली आणि तिथून थेट डॉक्टरांकडे गेल्या. एवढंच. या शहाणपणाबद्दल आता त्यांनाच वेड्यात काढायचं चाललं होतं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं.

“‘मनोरुग्ण असलेल्या व्यक्तीस शस्त्र देऊ नये.’ माझे हात बांधलेत, बाई.”

“‘असलेल्या’, साहेब. ‘कधीकाळी होऊन गेलेल्या’ नव्हे. मी आजारी होते, बरी झाले; दाखला जोडलाय. तोंड मिटून बंदूक उशाशी ठेवणाऱ्यांचा परवाना शाबूत, आणि सांगितलं म्हणून मी बाद? ते पान राहू द्या. माझ्या हाती बंदूक का द्यावी, ते त्यावरच लिहिलंय.”

“हिच्यापुढे मी हात टेकले,” म्हणत दादा तणतणत बाहेर गेला.

गार्डबाईही उठल्या. साहेब मात्र पुस्तक मिटेनात. त्यांचा हात कमरेच्या पिस्तुलाशी गेला आणि तिथेच थांबला. दार लागलंय का, हे त्यांनी वळून पाहिलं.

“चौकीत… आधी काय म्हणालात तुम्ही?”

त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गार्डबाईंना आत्ता दिसली.

“‘ही ठेवून घ्या’ म्हणाले. पुढचं आपोआप येतं.”

“कुणी हसलं नाही?”

“एक जण हसला. डॉक्टर नाही हसले.”

गार्डबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या परत बसल्या.

“मी येते तुमच्याबरोबर. पण आधी माझ्या अर्जावर खरं काय ते लिहा.”