मागच्या बाकावर

उंबऱ्याबाहेर चपला काढून प्रियदर्शनी आत आली, तेव्हा केंजळे वकील पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. मे महिना होता, कोर्टाला सुट्टी होती. शिवाजीनगरच्या त्या गल्लीत सकाळपासून तिला नकारच मिळत होता. एका वकिलीणबाईंनी तर दारातूनच विचारलं होतं, "अजून लॉ कॉलेजची पायरी चढला नाहीत, आणि एकदम कोर्टाची?"

"काय काम आहे?" केंजळ्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"सर, मी यंदा बारावीची परीक्षा दिली. लॉला जाणार आहे. कॉलेज सुरू होईपर्यंत तुमच्याकडे इंटर्नशिप करायची होती."

"इंटर्नशिप त्या हिंजवडीच्या कंपन्यांत असते. इथे नुसती धूळ आहे." त्यांनी डोळे उघडले. "टायपिंग येतं?"

"मराठी, इंग्रजी, दोन्ही."

"माझं नाव कुणी सुचवलं?"

या प्रश्नाचं एक बरंसं उत्तर ती घरून तयार करून आली होती. ते तिला देववलं नाही.

"कुणी नाही. मी तुम्हाला कोर्टात पाहिलंय. दीपाली तायडेच्या खटल्यात. मी तिची धाकटी बहीण."

केंजळे सरळ बसले. समोरचा पाण्याचा पेला त्यांनी उगाचच थोडा बाजूला सरकवला.

दीपालीचं लग्न ठरलं तेव्हा वारज्यातल्या त्यांच्या चाळीत पेढे वाटले होते. वडील दशरथ तायडे पीएमटीत कंडक्टर, अकोल्याकडून आलेलं कुटुंब. आणि जावई सौरभ सॉफ्टवेअरमधला. कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट, वर्षभरात अमेरिकेला जायची बोलणी. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत दीपालीने जीव दिला. खटला उभा राहिला. सौरभची बाजू केंजळ्यांनी मांडली आणि तो सुटला.

"तुमच्या आईंची उलटतपासणी मला आठवते," केंजळे हळू म्हणाले. "मुलगी पुन्हा पुन्हा माहेरी येऊन रडत होती, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, एवढा त्रास होता, तर दर वेळी तुम्हीच तिला परत का नेऊन सोडलंत? त्या बोलल्याच नाहीत. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, तरी नाही. मग मला फार काही करावं लागलं नाही."

प्रियदर्शनी खाली बघत उभी होती.

"सूडबीड डोक्यात असेल तर येऊ नका."

"तसं नाही, सर. आमच्या वकिलांनी आईला तो प्रश्न आधी विचारलाच नव्हता. समोरचा काय विचारणार, ते आधी कसं ओळखायचं, एवढंच शिकायचंय."

केंजळ्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या." आणि चहा संपत आल्यावर, "काय उत्तर होतं तुमच्या आईंचं? घरी तरी कधी विचारलंत?"

"नाही."

"सोमवारी या," ते म्हणाले.

घरी तिची आई, ललिताबाई, जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. वडील ड्यूटीवर होते.

"मिळालं का गं कुठं?"

"मिळालं."

"कुणाकडे?"

बसमध्ये येताना तिने दुसरं एखादं नाव सांगायचं ठरवलं होतं. "केंजळे वकिलांकडे," ती म्हणाली.

ललिताबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. आई आता ओरडेल किंवा उठून आत जाईल, असं प्रियदर्शनीला वाटलं.

"चहापाणी विचारलं का त्यांनी?"

"हो."

"त्या माणसावर राग नाही माझा." ललिताबाईंनी पुढची जुडी सोडली. "कोर्टात त्यांनी विचारलं तरी. घरात कुणी विचारलं नाही. तुझ्या बाबांनीसुद्धा."

"आई, राहू दे ना आता."

"शेवटच्या खेपेला ती कपड्यांची बॅग घेऊन आली होती. म्हणाली, आई, मी नोकरी बघते, तुमच्यावर भार होणार नाही, पण मला इथंच राहू दे. मी म्हटलं, उद्या सकाळी तुला सोडून येते." त्या थांबल्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोठी घरी येऊन बसली, तर धाकटीला कोण करून घेईल, असं आलं माझ्या मनात. दर वेळी तेच यायचं."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करू पाहत होतं. ती सुरू होत नव्हती.

"मग कोर्टात का नाही सांगितलंस?" प्रियदर्शनीने विचारलं. विचारून झाल्यावर आपण विचारलं, हे तिच्या लक्षात आलं.

"तू मागच्या बाकावर बसली होतीस," ललिताबाई म्हणाल्या. "शाळेच्या ड्रेसमध्ये. माझ्याकडेच बघत होतीस."

प्रियदर्शनी आईसमोर खाली बसली. तिने मेथीच्या थोड्या काड्या पुढ्यात ओढल्या आणि पानं खुडू लागली. 

"सोमवारी डबा लागेल ना तुला?" ललिताबाईंनी विचारलं.

प्रियदर्शनीने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.