माहेरची मेढ

माझ्या नवऱ्याचं मन सोन्यासारखं आहे, डोकं मात्र उलटं. हे मी रागानं सांगते आहे आणि राग अजून उतरलेला नाही.

माझी थोरली जाऊ बसंती पहाडातली, अल्मोड्याकडची. मोठे दीर फौजेत होते, तिकडूनच लग्न करून तिला दारव्ह्याला घेऊन आले. तिला ना भाऊ ना बहीण. आई वारली तेव्हा ती शेवटची माहेरी गेली, घराला कुलूप घातलं आणि अंगणातलं चिडाचं, म्हणजे पाइनचं, रोपटं डालड्याच्या डब्यात घालून घेऊन आली. "आपल्या उन्हात हे कुठं जगते!" सगळे हसले. काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं सडतात, म्हणून तिनं अंगणात खड्डा खणून मुरूम भरला. उन्हाळ्यात जुन्या साडीचा आडोसा करायची. दीर गेले त्या वर्षीही तिनं त्याची देखभाल चुकवली नाही. झाड स्लॅबच्या वर गेलं. वारा सुटला की त्याच्या सुयांतून आवाज यायचा, लांब कुणी ज्वारी पाखडत असल्यासारखा. तेवढा वेळ ती माहेरी असायची. आम्ही तिला हाक मारत नव्हतो.

मे महिन्यात तिच्या एकुलत्या एक मुलीचं, वैष्णवीचं लग्न निघालं. मांडवाच्या दिवशी आम्ही दोघी मारुतीला अक्षत द्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर झाड जागेवर नाही. ते फाटकाशी उभं होतं, मांडवाची पहिली मेढ होऊन, हळद लावलेलं, आंब्याची पानं बांधलेलं.

आमचे हे घाम पुसत पुढे आले. डोळे भरलेले. "वहिनी, पोरीले मामा नाही म्हनून लोकं बोलून राह्यले होते. म्या म्हटलं, कायले बोलता? हे पाहा, तुमचं माहेर उभं केलं मांडवात!"

आता अशा माणसाला शिव्या तरी कशा द्याव्या?

बसंतीताईनं पदर सावरला. म्हणाली, "लय चांगलं केलं, भाऊजी."

"निंबासारखं फुटते पुन्हा. टेन्शन नका घेऊ."

ती खुंटापाशी जाऊन बसली. कापलेल्या जागी डिंक आला होता, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे झाड फुटत नाही, इंदू," ती हळूच म्हणाली. "बुडातून तोडलं का संपलं. पन भाऊजीले सांगू नको."

 घर पाहुण्यांनी भरलेलं, रडायला कोपरा नव्हता.

लग्न दणक्यात झालं. निघताना वैष्णवी आईच्या गळ्यात पडली. "रडू नको ना आई, आखाडीले येतो मी." गाडी हलली आणि बसंतीताईनं मेढीला मिठी मारून हंबरडा फोडला, "इजा! ओ इजा!"

"पोरीसाठी जीव तुटून राह्यला बिचारीचा," बाया म्हणाल्या.

पोर तर महिन्या-दोन महिन्यांत, आषाढातल्या आखाडीला येणारच होती. त्यांच्या पहाडी बोलीत आईला इजा म्हणतात.