गाय-वासराचं पान

मी एक जुनी वही आहे. कसली, ते मात्र विचारू नका मित्रांनो. सध्या माझाच गोंधळ उडाला आहे.

ओझरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या रंगनाथरावांनी मला आणलं, तेव्हा मी कोरी होते. त्यांच्या पत्नीने, लंकाबाईंनी, माझ्यात ठिपक्यांच्या रांगोळ्या उतरवल्या. दर दिवाळीला शेजारणी मला मागून नेत. परत येताना माझ्या अंगाला गेरू लागलेला असे, आणि मला त्याचा कोण अभिमान! पुढे दारोदारी रांगोळीचे स्टिकर आले नि मी माळ्यावर गेले.

यंदा नात तेजलने मला खाली काढलं. वाटलं, आले आपले दिवस! पण ही पोर रांगोळी काढेना. तिने पानांवर पांढरा रंग फासला, द्राक्षाच्या पेटीतला कागद आणि लग्नपत्रिकेची सोनेरी कड चिकटवली, मधल्या जागेत काळ्या पेनाने जाळ्या, लाटा, पाकळ्या भरल्या. "काय भारी जर्नल झालंय!" म्हणाली. मी नटले होते की पुसले गेले होते, मला काही कळेना.

वसुबारसेला लंकाबाई म्हणाल्या, "ती वही आण गं. शकुबाईनं काढलेलं गाय-वासरू हाय त्यात."

शकुबाई त्यांची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

तेजलचा चेहरा उतरला. "आजी, मी ते रंगवलं. मला वाटलं, नुसते ठिपके आहेत."

लंकाबाईंनी मला हातात घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष माझा नव्हता. तरी लाज का वाटावी, तेही उमजेना.

मग त्यांनी ते पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर बोटं फिरवताच त्या हसल्या. "हात लय जड व्हता तिचा. वही फाटंल म्हणून मी कुरकुरायची."

शकुबाईंनी बॉलपेन इतकं दाबून टेकवलं होतं, की ठिपका न ठिपका मागे उमटला होता. लंकाबाई बोटांनी मोजून सांगत गेल्या आणि तेजल उंबऱ्यापुढे ठिपके देत गेली. वासराची शेपटीसुद्धा सापडली. मग तेजलने भीत भीत विचारलं, "गाईच्या अंगावर माझी जाळी काढू?"

"काढ की," लंकाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मी रांगोळीची वही की जर्नल, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण मित्रांनो, जुन्या वहीवर रंग फासण्याआधी तिच्यात काय आहे, ते घरात एकदा विचारा. सगळ्यांचाच हात काही शकुबाईंएवढा जड नसतो.